रुमाल सोडण्याआधी

या वेळी संशोधन करणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतलेत. मी पुण्यातल्या एका संशोधन ग्रंथालयात तीसेक वर्षं काउंटरला होते, त्यामुळे उत्तरं तिथल्या खुर्चीवरून दिलीत असं समजा. सगळ्यांना जागा देता आली नाही, ज्यांचं राहिलं त्यांना पुढच्या अंकात.

ताई, मी मूळची परभणीची, पुण्यात पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालंय, विषय पेशवेकाळातल्या पुण्याचा पाणीपुरवठा. गाईड म्हणाले मूळ कागद बघ. एका ठिकाणी गेले तर काउंटरवरच्या काकांनी विचारलं काय पाहिजे, मी विषय सांगितला तर म्हणाले असं नाही मिळत, नंबर घेऊन या. मला तिथेच रडू आलं. नंबर कुठून आणायचा? आणि मला मोडी येत नाही.
– संशोधक विद्यार्थिनी, कर्वेनगर

अगं, काकांनी तुला हाकललं नाही, अर्धवट उत्तर दिलं. आणि ही चूक आम्हा ग्रंथालयवाल्यांचीच, कारण नंबर म्हणजे काय हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढी कुणी देत नाही.

तर ऐक. पुस्तकांच्या ग्रंथालयात विषय सांगितला की कपाट दाखवता येतं. दप्तरात तसं नसतं. पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे आपण सवयीने ज्याला पेशवे दप्तर म्हणतो तिथे, कागद तुझ्या-माझ्या विषयाप्रमाणे लावलेले नाहीत, ते ज्या खात्याचे, ज्या कचेरीचे त्या हिशेबाने रुमालात बांधलेत. रुमाल म्हणजे खरोखरच कापडाचा चौकोन, त्यात कागदांचे गठ्ठे, वरून गाठ, आणि प्रत्येक रुमालाला नंबर. असे हजारो रुमाल आहेत. काकांना तो नंबर पाहिजे होता, आणि तो मिळतो सूचीत. म्हणून पहिले आठ-दहा दिवस कागद मागूच नकोस, सूची माग. ती वाचत बस, कंटाळा येईल, तरी वाच.

आता सूचीत 'पाणीपुरवठा' शोधशील तर काहीही सापडणार नाही, कारण त्या वेळच्या कारकुनाच्या डोक्यात हा शब्दच नव्हता. तो लिहिणार हौद, नळ, उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सुटायची वाट), कारंजं, बंधारा, पाट, चुना, गवंडी, बेलदार. कात्रजहून पाणी शहरात आणलं नानासाहेब पेशव्यांच्या काळात, ते जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आलं हे तुला माहीतच आहे, ते सगळ्या पुस्तकांत आहे. पण एखाद्या हौदाची दुरुस्ती झाली तेव्हा चुन्याचे पैसे कुणाच्या खात्यातून गेले, गवंड्याला रोज काय पडला, हे इतिहासाच्या पुस्तकात नसतं, जमाखर्चात असतं. म्हणजे तुझा रस्ता पत्रव्यवहारातून कमी आणि हिशेबी कागदांतून जास्त जातो. हे एकदा ठरलं की तू काउंटरवर जाऊन 'मला पाणीपुरवठा पाहिजे' म्हणणार नाहीस, तू म्हणशील 'शहर पुण्याच्या हिशेबाचे अमुक सालाचे रुमाल बघायचेत', आणि बघ काका खुर्ची सोडून उठतात की नाही.

मूळ कागदांच्या आधी छापील साधनं वाच, हे मी प्रत्येकाला सांगते. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापले गेले. इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड २२, पहिला १८९८ चा. हे सगळं देवनागरीत आहे, मोडी लागत नाही, आणि महिनाभर हे वाचलं की ती भाषा कानात बसते, 'येसीयास', 'कळले पाहिजे', 'बहुत काय लिहिणे' हे ओळखीचं वाटायला लागतं. मग मोडी निम्मी सोपी होते, कारण मोडीत अर्धं वाचायचं असतं आणि अर्धं ओळखायचं असतं. मोडीचे वर्ग पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चालतात, पुराभिलेख खात्याकडूनही प्रशिक्षण होतं, पुढची बॅच कधी आहे ते फोन करून विचार. मुळाक्षरं काही आठवड्यांत येतात. लपेटीचं हस्ताक्षर सराईतपणे वाचायला मात्र वर्ष जातं, ते धरूनच चाल.

तारखांसाठी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण सगळे इथे अडकतात. कागदावर साल आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं. 'इहिदे सितैन मया व अलफ' दिसलं तर घाबरायचं नाही, इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११६१. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळव, १७६० आलं. पण हे वर्ष सुरू होतं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, तेव्हा पुढच्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ नाही तर ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१, म्हणून तीही याच इहिदे सितैनात येते. पुढे 'छ' लिहून जो आकडा असतो तो मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे तारीख, आणि ती जुळवायला जंत्री, म्हणजे तारखांची कोष्टकं, वापरायची. जंत्री ग्रंथालयात टेबलावरच ठेवलेली असते, मागायलाही लागत नाही. मी एका मुलाचं अख्खं प्रकरण एका वर्षाने सरकलेलं बघितलंय, व्हायव्हाच्या आधी पंधरा दिवस लक्षात आलं, त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

आणि पहिला रुमाल समोर येईल तेव्हा घाई करू नकोस. गाठ सोडलीस की कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने उचल आणि त्याच क्रमाने ठेव. लांबट कागद असतात, घडीवर कमजोर झालेले. आधी शिरोरेघ सबंध ओढलेली आणि तिच्याखाली अक्षरं लटकवलेली, बोरू न उचलता. कधी कधी घडी उघडली की टेबलावर बारीक चकाकती वाळू सांडते, शाई वाळवायला टाकलेली, अडीचशे वर्षं त्या घडीतच राहिलेली. मला पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी हात मागे घेतला होता. पेन आत नेऊ नकोस, पेन्सिल ने.

सोबत गाईडचं किंवा विभागाचं पत्र, दोन फोटो, आधार, आणि तुझा विषय एका पानात लिहिलेला कागद ठेव. फोटोकॉपी आणि मोबाईलने फोटो काढायचे नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे आहेत, ते पहिल्याच दिवशी विचार. आणि त्याच काकांकडे परत जा. रागावू नकोस त्यांच्यावर, कुठल्या रुमालात काय आहे हे सूचीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

मी एका खासगी संस्थेच्या कॉलेजात शिकवतो. वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं म्हणे, सगळी जर्नल्स फुकट. आमच्याकडे काहीच उघडत नाही. आमच्या ग्रंथपालांना विचारलं तर ते म्हणतात आपलं नाव यादीत नाही. हे बरोबर आहे का?
– प्राध्यापक, हडपसर

ग्रंथपाल बरोबर सांगतायत सर. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला ही योजना मंजूर केली, २०२५ ते २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. पण संस्था धरल्या त्या केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था, साधारण ६,३००. खासगी संस्थांची कॉलेजं त्यात बसत नाहीत. आपल्याकडे महाराष्ट्रात पदवीचं शिक्षण मुख्यतः अशाच कॉलेजांत चालतं, त्यामुळे मला स्वतःला ही फार मोठी फट वाटते आणि प्राध्यापक संघटनांनी ती लावून धरायला हवी.

तोवर विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जाऊन बसा, तुमचं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर सभासदत्वाचं विचारा, कॅम्पसमधल्या कॉम्प्युटरवरून काय काय उघडतं ते तिथलेच लोक सांगतील. एखाद-दुसराच लेख हवा असेल तर लेखकाला सरळ दोन ओळींची मेल टाका, दहातले बरेच जण त्याच दिवशी पीडीएफ पाठवतात, आनंदाने पाठवतात. तुमचं कॉलेज डेलनेटचं सभासद असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं, ही सोय कित्येक कॉलेजांत पैसे भरून पडून असते कारण कुणी मागतच नाही. आणि भारतातले प्रबंध शोधगंगेवर सगळ्यांना खुले आहेत, त्याला लॉगिन लागत नाही. प्रबंधाची शेवटची संदर्भसूची आधी वाचा, मजकूर नंतर. दुसऱ्याने चार वर्षं फिरून जमवलेला नकाशा असतो तो.

गाईड म्हणतात केअर लिस्टमधल्या जर्नलमध्ये पेपर पाहिजे. एका जर्नलवाल्यांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, सात दिवसांत छापतो, फी भरा. भरू का?
– पीएच.डी. विद्यार्थी, धायरी

नको. अजिबात नको.

केअर लिस्ट, म्हणजे यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी, जी आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून सांभाळली जायची, ती यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता निकष दिलेत आणि जर्नल पारखायचं काम संस्थांवर सोडलंय. त्यामुळे कुणी 'आमचं केअर लिस्टेड आहे' म्हणून पैसे मागत असेल तर ते जुन्या पाटीवर धंदा करतायत. शिवाय २०२२ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापायची सक्ती यूजीसीने काढली आहे, पण विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकतं, तेव्हा तुझ्या रिसर्च सेंटरमधून लेखी विचारून घे आणि ते गाईडना नम्रपणे दाखव.

जर्नल पारखायचं तर त्याचे मागचे चार अंक उघडून वाच. एकाच अंकात सोयाबीन, संत साहित्य आणि सर्किट डिझाइन असेल तर तिथे तुझा लेख कुणी वाचणार नाही. संपादक मंडळातल्या एकाला मेल करून विचार, तुम्ही खरंच आहात ना मंडळावर. बऱ्याचदा त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. आणि मराठीत लिहायला कमीपणा मानू नकोस, इतिहासाचा एखादा नवा कागद सापडला तर भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारखी जागा पुण्यातच आहे आणि तिथे वाचणारी माणसं जाणकार आहेत.

फेलोशिपच्या जाहिराती वेळेवर कळतच नाहीत, कळतात तेव्हा तारीख गेलेली असते. कुठे बघायचं? जेआरएफ नाही मिळाली तर दुसरं काय?
– एम.ए. झालेली वाचक, येरवडा

जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, तिची पुढची पायरी एसआरएफ ४२,०००. ती नसेल तर तू कुठल्या प्रवर्गात येतेस त्यावर आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासींसाठी टीआरटीआय, या तिन्हींची कचेरी पुण्यातच आहे, म्हणजे तुला परगावच्या मुलांसारखी रात्रीची एसटी धरावी लागत नाही. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाची महाज्योती नागपूरला. इतिहासाला आयसीएचआर, समाजशास्त्रांना आयसीएसएसआर. इंग्लंडमधले कागद बघायचे असतील तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट थोड्या मुदतीच्या संशोधनासाठी मदत देतो, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं सगळं दप्तर आहे, त्यात मुंबई इलाख्याचंही. तिकडे जाण्याआधी मात्र मुंबईचं पुराभिलेखागार बघून घे, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं, नाहीतर घरचं सोडून बाहेर शोधल्यासारखं होईल.

जाहिराती चुकतात कारण आपण त्या फॉरवर्ड होऊन यायची वाट बघतो. महिन्यातून एक दिवस ठरव आणि या पाच-सहा वेबसाइट स्वतः उघड. ग्रंथालयाच्या नोटीस बोर्डाचाही फोटो काढत जा. छोट्या संधी तिथेच लागतात, सूचीकरणाच्या प्रोजेक्टला सहायक पाहिजे, डिजिटायझेशनला सहा महिन्यांसाठी माणूस पाहिजे, पोथ्यांच्या नोंदी करायला संस्कृत येणारं कुणी पाहिजे. पगार फार नसतो पण असं काम केलेली मुलं पुढे कुठेही अडत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सध्या या कामाला मागणीही आहे कारण २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशन जाहीर झालं, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन असं त्यात म्हटलंय. भांडारकर संस्थेतच सुमारे २८,००० हस्तलिखितं आहेत, तिथल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्या २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत गेल्या. ही शारदा (काश्मीरकडची जुनी) लिपी वाचणारी, ती मोडी वाचणारी, अशी किती माणसं आज तिशीच्या आतली आहेत? फार थोडी. तू एक लिपी शिकून घे.

अर्जात काय लिहायचं तेही सांगते. 'मूळ साधनांचा अभ्यास करणार' असं मोघम लिहू नकोस. कुठल्या संस्थेतला कुठला संग्रह, सूचीतले कुठले नंबर, त्यातले किती बघून झाले, ते लिही. तपासणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं की ही मुलगी आत जाऊन आली आहे.

गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात काय मिळतं? मी इतिहासाचा आहे, तिथे अर्थशास्त्रवालेच जातात ना?
– वाचक, चिंचवड

जा, नक्की जा. भारत सेवक समाजाची १९०५ पासूनची परंपरा आणि १९३० मध्ये निघालेली गोखले संस्था, दोन्हींचं मिळून ते धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. जुने जनगणना अहवाल, गॅझेटियर, सरकारी समित्यांचे रिपोर्ट तिथे शांतपणे बसून वाचता येतात. दुष्काळ, शेतसारा, गिरण्या, पुण्याची वस्ती यांवर काम असेल तर तुझ्यासाठी ती जागा आहे.

पाच महिन्यांपूर्वी मी एका जुन्या पुस्तिकेसाठी दोन ग्रंथालयं फिरलो. दोन्हीकडे 'नाही' सांगितलं. आता विषय बदलू का?
– संशोधक, सदाशिव पेठ

बदलू नका. यावर मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे, ती इतकी वर्षं मनात आहे. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, एक मुलगा साताऱ्याकडून आला, त्याला एक जुनी चोवीस पानी पुस्तिका हवी होती. मी कार्ड कॅटलॉग बघितला, लेखकाचं कार्ड नाही, नावाचं कार्ड नाही, सांगितलं नाहीये आपल्याकडे. तो गेला. आठ महिन्यांनी बाइंडिंगला पाठवायची पुस्तकं बाजूला काढताना एक जाड बांधीव खंड हातात आला, वर भलतंच नाव, आणि आत पाच पुस्तिका एकत्र शिवलेल्या. तिसरी त्याची होती. पूर्वी खर्च वाचवायला असं बांधायचे आणि कार्ड फक्त पहिल्या पुस्तिकेचं करायचे. माझ्याकडे त्या मुलाचा पत्ता नव्हता, नावही पुरतं आठवत नव्हतं. त्यानंतर मी एक वही ठेवली, न सापडलेलं काय आणि ते कुणाला हवं होतं ते लिहायची, आणि रिटायर होईपर्यंत त्या वहीतून बरीच पुस्तकं माणसांपर्यंत पोचली. पण तो मुलगा राहिला.

म्हणून परत जा आणि वेगळं विचारा. एकत्र बांधलेल्या पुस्तिकांचे खंड बघू देता का, दाखलनोंद रजिस्टर बघता येईल का, त्या सालाच्या देणगीच्या याद्या आहेत का. मालिकेच्या नावाने शोधा, छापखान्याच्या नावाने शोधा, आडनावाचं स्पेलिंग बदलून शोधा. आनंदाश्रम, मसाप (महाराष्ट्र साहित्य परिषद), नगर वाचन मंदिर यांनाही धरा, नगर वाचन मंदिर तर १८४८ चं आहे. आणि आपला फोन नंबर काउंटरवर लिहून ठेवा.

आमच्या सासरच्या वाड्यात ट्रंक आहे, त्यात जुने मोडी कागद. वाडा डेव्हलपमेंटला जातोय. मी साधी गृहिणी आहे, बी.कॉम. झालेली. एक ओळखीचे म्हणाले मला द्या, वाचून सांगतो. काय करू?
– वाचक, कसबा पेठ

ताई, ट्रंक देऊ नका. त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट असेल असं नाही, पण मूळ कागद वाचायला म्हणून घराबाहेर गेले की परत येत नाहीत. त्यांना फोटो द्या.

इतिहासकार राजवाडे वाईपासून कुठे कुठे दारोदार फिरले ते अशाच ट्रंका आणि फडताळं उघडून बघायला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तिथले लाखो कागद मुख्यतः घराघरांतूनच आलेत, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या देवघराच्या मागून. सरकारी दप्तरात राज्याचा कारभार मिळतो, पण कुणी कुणाला कर्ज दिलं, मुलीच्या लग्नात काय खर्च झाला, वाड्याची हद्द कुठवर होती, कुठल्या विहिरीवर कुणाचा हक्क होता, हे घरच्या कागदांत मिळतं. वर कर्वेनगरच्या मुलीने विचारलंय ना हौदांचं, कसब्यातल्या वाड्याच्या ट्रंकेत तिचं उत्तर असू शकतं, खरंच असू शकतं.

आता काय करायचं ते. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही, फेविकॉल नाही, इस्त्री तर नाहीच (एका घरी केली होती). उन्हात वाळत घालू नका. चिकटलेले कागद ओढू नका, तसेच ठेवा, ते सोडवणारी माणसं वेगळी असतात. जे गठ्ठे एकत्र बांधलेले आहेत ते एकत्रच राहू द्या, बांधणाऱ्याने काहीतरी विचार करूनच बांधलेत. स्वच्छ सुती कापड घ्या, धुतलेलं, खळ काढलेलं. प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक चिठ्ठी, पेन्सिलने नंबर, आणि ट्रंकेत कुठे होता ते. मोबाईलने दोन्ही बाजूंचे फोटो, दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता. घाई नको, रोज वीस कागद केले तरी महिन्यात सहाशे होतात. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारा की कोणती नावं घराण्यातली आहेत, आणि ते लिहून ठेवा, कारण ते कुठल्याही ग्रंथालयाला नंतर सांगता येणार नाही.

त्यानंतर मंडळात किंवा पुराभिलेखागारात ते फोटो आणि यादी घेऊन जा. द्यायचे ठरलं तर घरातल्या सगळ्या वारसदारांची संमती घ्या, यादीवर पोच घ्या, आणि घराण्याच्या नावाने संग्रह राहील का, तुम्हाला प्रती मिळतील का, हे देण्याआधी लेखी ठरवा. द्यायचे नसतील तरी चालेल, यादी तेवढी त्यांच्याकडे राहू द्या.

आणि तुम्ही साधी गृहिणी म्हणालात. बी.कॉम. झालात, जमाखर्च कळतो तुम्हाला. त्या ट्रंकेत बहुतेक हिशेबच असणार. मोडीच्या वर्गाला पीएच.डी. लागत नाही, माझ्या ओळखीत साठीनंतर शिकलेल्या बायका आहेत आणि त्या आज भल्याभल्यांना कागद वाचून देतात.

बिल्डरला चावी द्यायच्या आधी ट्रंक खाली उतरवून घ्या. उघडताना पंखा बंद करा, कागद हलके असतात, आणि खाली जुनी पांढरी चादर अंथरा, म्हणजे सुटलेला तुकडा दिसेल.